शांतिदूत गलबत आणि जॉन विल्यम्स

जगाचा नकाशा उघडून ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे पाहिले, तर पॅसिफिक महासागराच्या निळ्या रंगावर कोणी मोहरी सांडली असावी असे बारीक ठिपके दिसतात. ताहिती, रारोटोंगा, सामोआ, टोंगा, एरोमांगा ही त्यांपैकी काही बेटांची नावे. एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत कधी शंभर, तर कधी सातशे-आठशे मैल नुसते पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या बेटांवर बाहेरून जाण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे शिडाचे गलबत. आणि तेथील लोकांना बाहेरच्या जगाची ओळख होत असे तीही त्या गलबतांवरूनच. क्षितिजावर शीड दिसले की किनाऱ्यावरची माणसे आशेने पाहत आणि भीतीनेही पाहत. त्या गलबतांतून कुऱ्हाडी, खिळे आणि कापड येई. दारू, बंदुका आणि रोगही येत. कधी कधी तर ते गलबत किनाऱ्यावरची माणसेच पळवून नेई.

अशा समुद्रात जॉन विल्यम्स या इंग्रज मिशनऱ्याने आपल्या आयुष्याची बहुतेक सारी उमेदीची वर्षे घालवली. शब्बाथशाळेत त्यांची गोष्ट बहुधा रक्तसाक्ष्यांच्या गोष्टींत सांगितली जाते आणि तिचा भर त्यांच्या शेवटच्या दिवसावर असतो. परंतु तो दिवस समजून घ्यावयाचा असेल, तर त्याच्या आधीची वर्षे पाहिली पाहिजेत. विल्यम्स यांच्या गलबतांकडे पाहिले पाहिजे, तसेच त्यांच्या आधी त्याच किनाऱ्यांना लागून गेलेल्या दुसऱ्यांच्या गलबतांकडेही पाहिले पाहिजे.

लोखंडी सामानाच्या दुकानातील उमेदवार

विल्यम्स यांचा जन्म जून १७९६ मध्ये लंडनजवळच्या टॉटनहॅम येथे झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे डफ नावाचे जहाज तीस मिशनऱ्यांना घेऊन पॅसिफिककडे निघाले होते. ही संस्था आपल्याला परकी नाही. १८२० पासून बेळगावच्या ख्रिस्ती मंडळीच्या आरंभीच्या इतिहासात तिचेच नाव येते.

चौदाव्या वर्षी जॉनला लंडनमधील लोखंडी सामानाच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. ठराव असा होता, की त्याने दुकानातील विक्री व हिशेब शिकावे. भट्टीवरचे घाणेरडे काम त्याच्याकडे नव्हते. परंतु कारागीर जेवायला गेले की हा मुलगा गुपचूप भट्टीपाशी जाई, भाता ओढी आणि ऐरणीवर घण मारून पाही. हळूहळू त्याचा हात इतका बसला, की नाजूक कामे मालक त्याच्याकडेच देऊ लागला. त्या वेळी ही एका हुशार पोराची हौस होती, यापलीकडे कोणाला काही वाटले नाही.

देवाधर्मात मात्र त्याचे मन नव्हते. जानेवारी १८१४ मध्ये एका रविवारी संध्याकाळी मित्रांबरोबर पिण्याच्या ठिकाणी जाण्याचा त्याचा बेत होता. मित्रांना उशीर झाला आणि तो रस्त्याच्या कोपऱ्यावर चिडून उभा राहिला. त्याच्या मालकाची पत्नी तेथून उपासनेस चालली होती. तिने त्याला ओळखले आणि आपल्याबरोबर येण्याचा आग्रह केला. तो गेला, पण भक्तीने नव्हे. मित्रांवरचा राग आणि बाईंची भीड यांमुळे गेला. त्या रात्री रे. टिमथी ईस्ट यांनी मनुष्याच्या आत्म्याच्या मोलाविषयी उपदेश केला आणि त्या उपदेशाने सतरा वर्षांच्या या तरुणाचे जीवन पालटले. लवकरच तो शब्बाथशाळेत मुलांना शिकवू लागला.

१८१६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, संस्थेने त्यांना मिशनरी म्हणून स्वीकारले. सप्टेंबरमध्ये लंडनच्या सरे चॅपेलमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पुढे आफ्रिकेत नावारूपास आलेले रॉबर्ट मॉफट यांचीही दीक्षा त्याच दिवशी झाली. ऑक्टोबरमध्ये मेरी चॉनर यांच्याशी विल्यम्स यांचा विवाह झाला, नोव्हेंबरमध्ये ते दोघे जहाजात बसले आणि बरोबर एक वर्षाने ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर उतरले.

पोवळ्याच्या कुंपणाबाहेर

मोरेआच्या किनाऱ्यावर मिशनचे एक गलबत अर्धवट बांधून पडले होते. त्याचे लोखंडी काम करणारा कोणी नव्हता. लंडनच्या भट्टीवर चोरून शिकलेली विद्या येथे उपयोगी पडली. विल्यम्स यांनी आल्याबरोबर घण हाती घेतला आणि काही दिवसांतच ते गलबत पाण्यात उतरले. मिशनऱ्याचे पहिले काम उपदेशाचे असावे अशी अपेक्षा असते; यांचे पहिले काम लोहाराचे झाले.

१८१८ मध्ये रायातेआ बेटाचे प्रमुख तामातोआ यांनी बोलावल्यावरून ते तेथे राहावयास गेले. पोवळे भाजून त्याचा चुना केला, भिंतींना गिलावा दिला आणि स्वतःच्या हातांनी घर व सामान तयार केले. ते पाहून गावातील लोकही तशी घरे बांधू लागले. शाळा भरू लागली आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले. परंतु एका बेटावर स्वस्थ बसणे विल्यम्स यांच्या स्वभावात नव्हते. या बेटांभोवती समुद्रात पोवळ्याचा खडक कुंपणासारखा उभा असतो. त्याच्या आत पाणी शांत असते. बाहेर मोठ्या लाटा फुटत असतात. त्या कुंपणातल्या एखाद्या फटीतूनच गलबताला आत किंवा बाहेर जाता येते. विल्यम्स यांचे डोळे नेहमी त्या फटीकडे लागलेले असत.

बाहेर जाण्याची हाक १८२१ मध्ये आली, तीही एका वाहत आलेल्या होडीतून. दक्षिणेकडील रुरुतू बेटावर साथ पसरली होती. तेथील आउउरा नावाचा सरदार आपली माणसे घेऊन समुद्रात निघाला आणि भरकटत अखेर रायातेआला पोचला. तीन महिन्यांत तो व त्याचे लोक वाचावयास शिकले. त्यांना घरी परतावयाचे होते, परंतु एकटे जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. तेव्हा रायातेआच्या मंडळीने महामेने व पुना या आपल्या दोन सेवकांना त्यांच्याबरोबर दिले. काही आठवड्यांनी रुरुतूहून होडी आली तिच्यात तेथील लोकांनी सोडून दिलेल्या मूर्ती होत्या. त्यांपैकी आआ नावाची लाकडी मूर्ती पुढे लंडनला गेली आणि आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रुरुतूवर कोणी गोरा मिशनरी गेला नव्हता. हे काम बेटावरच्या माणसांनीच केले होते. ही गोष्ट विल्यम्स यांनी मनात ठेवली.

हरवलेल्या बेटाचा शोध

त्याच वर्षी प्रकृतीसाठी सिडनीला जाताना विल्यम्स यांनी पापेईहा व वाहापाता या दोन शिक्षकांना ऐतुताकी बेटावर सोडले. सिडनीत त्यांनी स्वतःचे पैसे घालून एंडेव्हर नावाचे गलबत घेतले. लंडनच्या संचालकांना हा व्यवहार मुळीच आवडला नाही. मिशनऱ्याने उपदेश करावा, जहाजाचा मालक होऊ नये, असे त्यांचे मत होते. पैशाची चिंता आणि संचालकांची नाराजी ही पुढे कित्येक वर्षे विल्यम्स यांच्या पाठीस लागली.

१८२३ मध्ये ते एंडेव्हरमधून रारोटोंगाच्या शोधास निघाले. हे बेट त्यांच्याजवळच्या कोणत्याही नकाशावर नव्हते. परंतु त्याचे नाव त्यांनी ऐकले होते, आणि त्या नावामागे एक दुःखद हकिगत होती. १८१४ मध्ये कंबरलँड नावाचे व्यापारी जहाज रारोटोंगाला लागले होते. त्यावरील लोकांनी बेटावर जुलूम केला, मारामारीत दोन्हीकडची माणसे मेली, आणि जाताना जहाजाने काही बेटकऱ्यांना पळवून नेऊन ऐतुताकीवर सोडून दिले. त्यांत रारोटोंगाचे प्रमुख माकेआ यांच्या नात्यातील तापाइरू नावाची स्त्री होती. नऊ वर्षे ही माणसे घरच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. विल्यम्स यांनी त्यांना आपल्या गलबतात घेतले.

वाटेत आतिऊ बेटाचे प्रमुख रोंगोमाताने यांनी दिशा दाखविली. या लोकांजवळ होकायंत्र नव्हते. त्यांची रीत वेगळी होती. प्रत्येक प्रवास किनाऱ्यावरच्या ठराविक जागेपासून सुरू करावयाचा. गलबताची मागची बाजू किनाऱ्यावरील खुणांच्या रेषेत आणली, की समोरची दिशा आपोआप मिळे. रात्र झाली म्हणजे तारे वाट दाखवीत. विल्यम्स यांनी आतिऊच्या त्या खुणांशी गलबत जुळवून घेतले आणि मग होकायंत्रावर दिशा लिहून ठेवली. हे ज्ञान असंस्कृतांचे म्हणून त्यांनी टाकून दिले नाही. त्यांच्याजवळ जे साधन होते, त्याला त्यांनी बेटकऱ्यांच्या ज्ञानाची जोड दिली.

तरीही वारा उलटा होता. कित्येक दिवस गेले आणि अन्न संपत आले. शेवटी एका सकाळी असे ठरले, की आठ वाजेपर्यंत जमीन दिसली नाही तर परत फिरावयाचे. विल्यम्स यांनी एका बेटकऱ्याला चार वेळा डोलकाठीवर चढवून पाहिले, पण काही दिसले नाही. तो पाचव्यांदा चढला तेव्हा आठाला अर्धा तास होता. सूर्य वर आला, ढग विरळ झाले आणि त्यांच्यामागे रारोटोंगाचे उंच डोंगर दिसले.

पहिली रात्र मात्र वाईट गेली. किनाऱ्यावर गेलेल्या शिक्षकांच्या बायकांवर एका बलाढ्य सरदाराची दृष्टी गेली. तापाइरूने रात्रभर विनवण्या केल्या, रडून पाहिले आणि शेवटी अंगावर धावून जाऊन त्या बायकांचा बचाव केला. सकाळी सारे जण फाटक्या कपड्यांनी गलबतावर परत आले. हे बेट सोडून द्यावे असे ठरत असता पापेईहा पुढे झाले. मागून एक सोबती पाठवावा एवढीच अट घालून ते एकटे उतरावयास तयार झाले. अंगावरचे कपडे, ताहितीच्या भाषेतील शास्त्रभाग आणि वाचन शिकविण्याची काही पुस्तके एवढेच त्यांच्याजवळ होते. चार महिन्यांनी तिबेरिओ त्यांच्या मदतीस आले. दोन वर्षांच्या आत बेटाचे रूप बदलू लागले होते. पापेईहा १८६७ मध्ये, आपल्या मरणापर्यंत, रारोटोंगावरच राहिले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. एका जहाजाने तापाइरूला चोरून नेले आणि दुसऱ्याने तिला घरी आणले. सुवार्ता सांगणाऱ्यांना त्या बेटावर जो पहिला आधार मिळाला, तो त्या परत आलेल्या स्त्रीचा होता.

पंधरा आठवड्यांत गलबत

एंडेव्हर अखेर विकावे लागले. १८२७ मध्ये विल्यम्स कुटुंब चार्ल्स पिटमन व त्यांच्या पत्नीबरोबर रारोटोंगाला आले, ते थोड्या महिन्यांसाठी. परंतु परत नेणारे जहाज येईना. याच काळातील एक प्रसंग शब्बाथशाळेतील मुलांना फार आवडेल. प्रार्थनामंदिराचे काम चालू असता विल्यम्स आपला गुण्या घरी विसरले. त्यांनी लाकडाची एक ढलपी उचलून तिच्यावर कोळशाने दोन शब्द लिहिले आणि ती एका सरदाराच्या हाती देऊन मेरीबाईंकडे पाठवली. बाईंनी ढलपीकडे पाहिले आणि काही न विचारता गुण्या काढून दिला. तोंड नसलेले लाकूड बोलले कसे, या नवलाने त्या सरदाराने ढलपीला दोरी बांधून ती गळ्यात घातली आणि तो गावभर लोकांना दाखवीत फिरला. अक्षराचे सामर्थ्य त्या बेटावर असे कळले.

जहाज येत नाही, तर आपणच बांधावे, असे विल्यम्स यांनी ठरविले. त्यांच्याजवळ करवत नव्हती, लोखंड अगदी थोडे होते, आणि आपल्या जबाबदारीवर गलबत त्यांनी पूर्वी कधी बांधले नव्हते. भात्यासाठी बेटावरच्या शेळ्या मारून कातडे काढले, तर उंदरांनी ते एका रात्रीत खाऊन टाकले. रारोटोंगावर तेव्हा उंदरांचा इतका सुळसुळाट होता, की प्रार्थनेस गुडघे टेकले तर ते अंगावरून धावत. मग विल्यम्स यांनी लाकडी पेटीचा भाता तयार केला. ऐरणीच्या जागी दगड ठेवला. झाडे पाचरी ठोकून उभी फाडली आणि वाकसाने व कुऱ्हाडीने तासून फळ्या केल्या. वाकडी फळी हवी असेल तेथे बांबू वाकवून आकार घेत आणि त्या आकाराचे झाड रानात शोधून आणीत. खिळ्यांऐवजी लाकडी मेखा ठोकल्या. फटी काथ्याने व केळीच्या सोपटांनी बुजवल्या. जास्वंदीच्या कुळातील एका झाडाच्या सालीचे दोर वळले. शिडांसाठी लोकांच्या अंथरावयाच्या चटया एकावर एक ठेवून शिवल्या. कप्प्यांच्या चाकांना सुरूचे कठीण लाकूड वापरले. सुकाणू बसवावयास लोखंड उरले नव्हते, तेव्हा एक कुदळ, एक वाकस आणि एक फावडे भट्टीत घालून त्यांच्या बिजागऱ्या केल्या.

सुमारे पंधरा आठवड्यांत साठ फूट लांब व अठरा फूट रुंद असे गलबत तयार झाले. त्याचे नाव शांतिदूत ठेवण्यात आले. पहिल्याच फेरीत पुढची डोलकाठी मोडली आणि गलबत कसेबसे किनाऱ्याला परत आणावे लागले. डोलकाठी नीट करून ते ऐतुताकीला गेले आणि येताना डुकरे, नारळ व मांजरे घेऊन आले. या मांजरांचे उंदरांनी गांजलेल्या रारोटोंगाकरांनी किती स्वागत केले असेल, हे सांगावयास नको. पुढे हेच गलबत सुमारे ७०० मैल समुद्र ओलांडून ताहितीला पोचले.

सामोआची वाट

या समुद्रात वारे बहुतेक काळ आग्नेयेकडून वाहतात. भूगोलात आपण त्यांना व्यापारी वारे म्हणतो. पश्चिमेकडे जाताना ते पाठीशी असतात. परतताना मात्र गलबताला वाऱ्याशी झगडत, नागमोडी वाटेने यावे लागते. मे १८३० मध्ये विल्यम्स व चार्ल्स बार्फ हे शांतिदूतातून आठ शिक्षकांसह पश्चिमेकडे निघाले. टोंगा येथे त्यांना फाउएआ नावाचा सामोअन गृहस्थ भेटला. अकरा वर्षे तो घरापासून दूर होता. त्याला व त्याच्या पत्नीला त्यांनी बरोबर घेतले. ऑगस्टमध्ये गलबत सामोआच्या सवाई बेटावरील सापापालिई येथे लागले, तेव्हा समोरच्या बेटावर लढाईत जाळलेल्या गावांचा धूर दिसत होता. फाउएआ हा सामोआतील बलाढ्य प्रमुख मालिएतोआ यांच्या नात्यातला होता. हे लोक कोण आणि कशासाठी आले, हे त्याने आपल्या भाषेत आपल्या माणसांना समजावून सांगितले. मालिएतोआ यांनी त्या आठ शिक्षकांना आपल्या आश्रयास घेतले.

म्हणजे रुरुतूला आउउरा, रारोटोंगाला तापाइरू आणि सामोआला फाउएआ. तीन ठिकाणी दार आतून उघडले गेले, आणि तिन्ही ठिकाणी ते उघडणारी माणसे घरी परतलेली होती.

वादळ आणि साथ

या यशाला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. सामोआहून परतताना विल्यम्स रारोटोंगाला आले, तेव्हा तेथे भयंकर साथ चालू होती आणि घरोघर माणसे मरत होती. या बेटांवर पूर्वी नसलेले रोग बाहेरच्या जहाजांबरोबर आले, हे विल्यम्स यांनी पुढे आपल्या ग्रंथात स्पष्टपणे लिहून ठेवले. रोग काही जहाजावरचे निशाण पाहून चढत नाही. व्यापाऱ्याचे जहाज असो की मिशनचे, ज्यांच्या शरीराला त्या रोगाची सवय नव्हती त्यांना त्याने सारखेच गाठले.

डिसेंबर १८३१ मध्ये रारोटोंगावर मोठे चक्रीवादळ झाले. घरे व मंदिरे पडली. विल्यम्स यांचे घर कोसळू लागल्यामुळे गरोदर मेरीबाईंना रात्री तशा वादळात बाहेर काढावे लागले. काही दिवसांनी त्यांना मूल झाले, ते मृत जन्मले. त्या मातेने आपली कितीतरी लेकरे या बेटांच्या मातीत ठेवली. विल्यम्स यांच्या प्रवासांचा हिशेब मांडताना किनाऱ्यावर वाट पाहत राहणाऱ्या या बाईंचे नाव विसरू नये. त्याच वादळात समुद्राने शांतिदूत उचलून कित्येक शे फूट आत झाडीतल्या दलदलीत नेऊन ठेवले. पुढे शेकडो बेटकऱ्यांनी लांब तुळयांनी ते उचलून, खाली दगड भरून आणि ओढून पुन्हा पाण्यात आणले. ज्यांनी ते बांधावयास हात लावला होता, त्यांनीच ते वाचविले.

इंग्लंडमध्ये चार वर्षे

१८३४ मध्ये विल्यम्स कुटुंबासह इंग्लंडला गेले. रारोटोंगाच्या भाषेतील नवा करार १८३६ मध्ये तेथे छापण्यात आला. पिटमन व एरन ब्यूझाकॉट यांनी या भाषांतरात त्यांच्याबरोबर श्रम केले होते. १८३७ मध्ये त्यांचा प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला व तो हजारोंनी खपला. एके काळी गलबताच्या खर्चावरून ज्यांना बोल लावण्यात आला होता, त्यांच्याच शब्दावर आता लोकांनी जहाजासाठी पैसे दिले. लंडनच्या नगरपालिकेने ५०० पौंड दिले. कॅम्डेन नावाचे जहाज घेण्यात आले आणि एप्रिल १८३८ मध्ये विल्यम्स पुन्हा पॅसिफिककडे निघाले.

एरोमांगाचा किनारा

आता त्यांची दृष्टी आणखी पश्चिमेकडे, न्यू हेब्रिडीज बेटांकडे लागली होती. ही बेटे म्हणजे आजचा वानुआतू देश. नोव्हेंबर १८३९ मध्ये त्यांनी सामोआ सोडले. ताना बेटावर तीन सामोअन शिक्षक सुखरूप उतरले. २० नोव्हेंबर रोजी कॅम्डेन एरोमांगाच्या डिलन उपसागरात आले.

या उपसागराला ज्यांचे नाव आहे, त्या पीटर डिलन या दर्यावर्द्यांना १८२५ मध्ये येथे चंदन सापडले होते. चंदनाला चीनमध्ये मोठा भाव होता. बातमी पसरली आणि १८२९–३० मध्ये जहाजांवर जहाजे या किनाऱ्याला लागली. लाकूडतोडीसाठी दुसऱ्या बेटांवरून शेकडो माणसे आणली गेली. गोळीबार झाले, भांडणे झाली, रोग पसरले आणि दोन्हीकडची पुष्कळ माणसे मेली. एरोमांगाच्या लोकांनी तेव्हापासून शिडाच्या जहाजाचा एकच अर्थ ओळखला होता.

विल्यम्स, जेम्स हॅरिस नावाचे तरुण, कप्तान मॉर्गन आणि आणखी एक सोबती होडीने किनाऱ्यावर गेले. लोक बुजलेले दिसत होते. त्यांना कापड देण्यात आले, त्यांनी पाणी आणून दिले. खेळणारी मुले पाहून विल्यम्स यांना धीर आला. हॅरिस ओढ्याच्या काठाने पुढे गेले व थोड्याच वेळात त्यांच्यामागे आरडाओरडा ऐकू आला. हॅरिस पडले. विल्यम्स समुद्राकडे धावले, परंतु पाण्याच्या कडेला ते अडखळले आणि सोट्यांच्या व बाणांच्या माऱ्याखाली तेथेच पडले. बाकीचे दोघे होडी गाठू शकले. विल्यम्स यांचे वय तेव्हा ४३ वर्षांचे होते.

चंदनाच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या जुलमाचा राग या घटनेमागे होता, असे पुढे सर्वसाधारणपणे मानले गेले. एरोमांगावर त्यांच्यासाठी बोलणारी तापाइरू नव्हती की फाउएआ नव्हता. तेथील भाषा जाणणारा कोणी त्यांच्याबरोबर नव्हता आणि घरी आणून सोडावे असे त्या बेटाचे कोणी माणूसही त्यांच्या जहाजात नव्हते. किनाऱ्यावरच्या लोकांना शीड तेवढे दिसले. त्या शिडाखाली कोण बसले आहे, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. दुसऱ्यांच्या जहाजांनी करून ठेवलेल्या कर्जाची फेड शांतिदूत बांधणाऱ्याला करावी लागली.

त्यांच्यामागून

१८४० मध्ये फेव्हरिट नावाच्या इंग्रजी युद्धनौकेने जाऊन अस्थी मिळविल्या आणि त्या सामोआतील अपिया येथे पुरण्यात आल्या. युद्धनौका गेली ती अस्थी आणावयास, सूड घ्यावयास नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी दोन सामोअन शिक्षक स्वतः होऊन एरोमांगावर उतरले. त्यांचे अतोनात हाल झाले व पुढच्या वर्षी त्यांना परत आणावे लागले. तथापि सोडून दिलेल्या त्या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा माणसे जात राहिली, त्यांतील काहींचा प्राणही गेला, आणि अखेर तेथे मंडळी उभी राहिली.

इंग्लंडमधील शब्बाथशाळांच्या मुलांनी आपले पैसे जमवून सहा हजार पौंडांहून अधिक निधी उभा केला. त्यातून १८४४ मध्ये नवे जहाज तयार झाले व त्याला जॉन विल्यम्स हे नाव देण्यात आले. ते १८६४ मध्ये पुकापुका बेटाच्या खडकावर फुटले, दुसरे १८६७ मध्ये निउए येथे बुडाले. तरी मुलांनी निधी देणे सोडले नाही. विसाव्या शतकापर्यंत एकामागून एक अशा सात जहाजांना ते नाव मिळाले. कुक बेटांत दर वर्षी २६ ऑक्टोबर हा दिवस सुवार्तेचा दिवस म्हणून सार्वजनिक सुट्टीचा असतो. ही तारीख विल्यम्स यांच्या जन्माची किंवा मरणाची नाही. १८२१ मध्ये पापेईहा त्या बेटांवर उतरले त्या दिवसाची आहे. विल्यम्स यांना हे नक्कीच आवडले असते.

२० नोव्हेंबर २००९ रोजी, त्या घटनेला १७० वर्षे झाली तेव्हा, विल्यम्स यांच्या वंशातील काही माणसे एरोमांगावर गेली. बेटावरच्या लोकांनी त्यांची क्षमा मागितली, दोन्हीकडून समेट झाला आणि डिलन उपसागराला विल्यम्स उपसागर हे नाव देण्यात आले. या वेळी त्या किनाऱ्यावर उतरलेली माणसे कोण आहेत, हे यजमानांना माहीत होते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ही गोष्ट सांगताना ढलपी, उंदीर आणि मांजरे यांचे प्रसंग अवश्य सांगावेत; मुले ते विसरणार नाहीत. परंतु मोठ्या मुलांना चंदनाच्या जहाजांची हकिगतही सांगावी. आपण प्रभूचे नाव घेऊन एखाद्या दाराशी जातो, तेव्हा त्या दारावर आपल्याआधी कोणी तरी येऊन गेलेला असतो. त्याने काय दिले आणि काय नेले, हे घरातील माणसांना आठवत असते. आपल्यामागून येणाराही असतो, आणि त्याचे स्वागत कसे होईल हे आज आपण त्या दाराशी कसे वागतो यावर अवलंबून राहते. मुलांना विचारून पाहावे, की आपल्या गल्लीत, शाळेत किंवा शेजारी असे कोणते दार आहे, आणि तेथे आपल्याआधी कोण कसे वागून गेले आहे. त्यांची उत्तरे ऐकून घ्यावीत आणि मग त्या घरांसाठी वर्गात प्रार्थना करावी.